दिवाळं कुणामुळे निघालं?



५ सप्टेंबर २०२३ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम नगरपरिषदेने अत्यावश्यक सेवा सोडून सगळा नवा खर्च थांबवला. कारणांत फसलेली संगणक प्रणाली होती, तशी समान वेतनाची थकबाकीही होती. तिचा तेव्हाचा अंदाज ६५ ते ७६ कोटी पौंड. वाचणाऱ्याला वाटावं, बायकांनीच परिषद बुडवली!

मागचा हिशेब पाहू. स्वयंपाक, सफाई, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायांचं काम त्याच श्रेणीचं. बोनस मात्र कचरा उचलणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने बायांच्या बाजूने निकाल दिला. नोकरी सोडलेल्या १७४ जणांच्या दाव्याची मुदत टळली, असं म्हणत परिषद सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. २०१२ मध्ये तिथेही हरली. तरी वेतनातला भेद पुरता मिटला नाही आणि नवे दावे उभे राहिले.

म्हणजे ही उधळपट्टी नव्हे, न दिलेला पगार आहे. कमी पैशांत राबून बायांनीच परिषदेला वर्षानुवर्षं उसने पैसे दिले. २०२४ मध्ये तिथला स्थानिक कर सुमारे १० टक्क्यांनी वाढला, सेवांना कात्री लागली. तो भारही घर चालवणारीवरच.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अंदाजपत्रक समोर आलं की नगरसेविकांनी आणि आपल्या गटांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : सफाई कामगार, कंत्राटी बाया यांचं किती देणं थकलं आहे? उत्तर लेखी मागावं.