खोक्यावर एक, खोक्यात दुसरंच

खेळण्याच्या खोक्यावर छापलेलं चित्र आतल्या खेळण्याचंच असलं पाहिजे, ही मागणी मी दुकानदार म्हणून करते आहे. सांगलीतलं आमचं खेळण्यांचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, आता गल्ल्यावर मी बसते. खोका हातात देणारी मी, पैसे घेणारी मी, आणि दुसऱ्या दिवशी तोच खोका घेऊन परत आलेल्या आईला उत्तर देणारीही मीच. चित्र छापणारा कधीच समोर येत नाही.

परवाच्या मालातला एक योद्धा बघा. खोक्यावरच्या फोटोत त्याच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल, पाठीवर लाल कापडी शेला, दंडावर सोनेरी कडं. शेजारी एक मुलगा बसलाय आणि योद्धा त्याच्या कोपरापर्यंत पोचतो. आतला योद्धा माझ्या तळहातात मावला. शेला म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, कडं रंगवलेलंच नाही, एका डोळ्याचा काळा ठिपका सरकून भुवईवर गेलेला. तलवार होती, पण मूठ भरीव. साच्यातच बोटं मिटलेली, मधे भोक नाही. मग तलवार धरायची कशी? फोटोतल्या योद्ध्याच्या मुठीतून तलवार आरपार गेली आहे, म्हणजे तो बाहुला वेगळ्याच साच्यातला. ज्याच्यासाठी घेतला त्या पोराने दुकानातच खोका फोडला. तलवार मुठीवर दाबून पाहिली, मनगटाशी टेकवून पाहिली, पुन्हा फोटो निरखला आणि मला विचारलं, "काकू, कशी बसवायची दाखवा ना." खेळण्यात खोट आहे हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्यालाच जमत नाहीये, अशी त्याची समजूत झाली होती. मला राग येतो तो याचा.

होलसेलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, खाली लिहिलंय की." लिहिलंय खरं. तळाला, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, की प्रत्यक्ष वस्तू चित्रापेक्षा वेगळी असू शकते. ज्याला अजून बाराखडी पुरती येत नाही, त्याच्यासाठी चित्र हाच मजकूर असतो. त्या पोराने खोका नीट वाचला होता. खोक्यानेच त्याला खोटं सांगितलं.

रंगवलेल्या कल्पनाचित्रांबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या पिढीने दूरदर्शनवर ही-मॅन पाहिला. 1982 साली अमेरिकेत मॅटेलने त्याची खेळणी काढली तेव्हा खोक्यांवर मोठमोठ्या चित्रकारांकडून अंगावर येणारी दृश्यं रंगवून घेतली. किल्ला, धुमसतं आभाळ, झेपावणारा वाघ. आभाळ खोक्यातून निघणार नाही हे पोरांना कळतं. चित्र गोष्ट सांगतं, खेळणं ती पुढे नेतं. फोटोचं तसं नाही. फोटो म्हणजे "हेच मिळेल" असा शब्द.

हे घडतं कसं, तेही या धंद्यात राहून कळलं. खोका छापायला जातो तेव्हा कारखान्यातला माल बऱ्याचदा तयारच नसतो. मग हाताने, सावकाश रंगवलेल्या नमुन्याचा फोटो काढतात. पुढे भाव खाली आणायचा म्हणून एकेक रंग गळतो, कारण प्रत्येक जादा रंगाला जादा काम लागतं. कापडाचं प्लॅस्टिक होतं. खोका मात्र तोच राहतो. यात मुद्दाम फसवणारे थोडे असतील, पण छापलेला खोका टाकून द्यायची तयारी कुणाचीच नाही.

मनात असेल तर काय करता येतं, याचं उदाहरण जुनं आहे. 1979 मध्ये केनर कंपनीने स्टार वॉर्स सिनेमातल्या बोबा फेट या पात्राच्या बाहुल्याची जाहिरात केली. खेळण्यांच्या कार्डांवर चित्र होतं की त्याच्या पाठीवरून रॉकेट सुटतं. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातला असाच छोटा बाण घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने रॉकेट पक्कं बसवून टाकलं, बऱ्याच कार्डांवरच्या त्या चित्रावर काळं स्टिकर लावलं, आणि टपालाने बाहुला पाठवताना सोबत चिठ्ठी घातली: सुरक्षिततेसाठी बदल केला आहे, पसंत नसेल तर कळवा, दुसरा बाहुला देऊ. एक स्टिकर आणि एक चिठ्ठी, एवढंच लागलं.

हे सगळं मला माझ्या मुलाने सांगितलं. त्याला जुन्या बाहुल्यांचा नाद आहे. फनस्कूलने आपल्याकडे काढलेले जी. आय. जो त्याच्याकडे आहेत. त्यांचे रंग अमेरिकन बाहुल्यांपेक्षा वेगळे म्हणून परदेशातले संग्राहकही ते शोधत असतात. त्याचं म्हणणं, "आई, गंमत त्या फरकातच आहे." असेल. पण तो मोठा आहे, फरक जाणून पैसे मोजतो. पहिलीतल्या पोराला तो न सांगता का विकायचा?

कायदा नाही असंही नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे खोक्यावरचा फोटो ही जाहिरातच, आणि दिशाभूल करणारी असेल तर ती याच कायद्याच्या कचाट्यात येते. 2022 च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांना अवास्तव अपेक्षा वाटेल इतकं वस्तूचं रूप फुगवून दाखवू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. पण दीडशे-दोनशेच्या बाहुल्यासाठी 1915 या हेल्पलाइनला फोन कोण करणार? पालक चार शब्द मला सुनावतात आणि घरी जातात. मी करावा, हे आता मला पटलंय.

मला हवंय ते फार नाही. खोक्याच्या मागे विक्रीच्या मालातल्याच नगाचा फोटो, उंची सेंटिमीटरमध्ये, आणि आत काय काय आहे याची मराठी-हिंदीत यादी. जमणार नाही, असं आयएसआय खुणेच्या वेळीही ऐकलं होतं. 1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची झाली. सुरुवातीला कुरकुर झाली, माल अडला, आणि आता ती खूण नसलेला खोका मी दुकानात उतरवून घेत नाही.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. नव्या लॉटमधला एक नग फोडून काउंटरवर ठेवते, शेजारी त्याचा खोका. मुलं हात लावतात, हात-पाय फिरवून बघतात, तलवार बसते का पाहतात. तो नग पुढे विकला जात नाही, ते नुकसान माझं. दोन होलसेलवाल्यांनी सांगितलं, नग फोडून ठेवू नका, विक्री बसते. त्या दोघांचा माल घेणं मी बंद केलंय.