वाहणारे डोळे कोरडे कसे?

"डोळ्यांतून रात्रंदिवस पाणी गळतें, आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडले आहेत!" असें नवल करणारें एखादें तरी वडील माणूस बहुतेक घरांत सांपडतें. तक्रार वरवर पाहतां चमत्कारिक खरीच. तिचा खुलासा कोणी न केल्यामुळें औषध अर्ध्यावर सुटतें, व पुढें जो तो आपल्या मनाचे उपाय करूं लागतो. म्हणून ह्या महिन्यांत ह्याच विकाराविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डोळ्यांतील ओलावा म्हणजे नुसतें पाणी नव्हे. बुबुळाला लागून श्लेष्माचा चिकट लेप, त्यांत मिसळलेलें खारें पाणी, आणि सर्वांवर तेलाचा अतिशय पातळ तवंग, अशी त्याची रचना आहे. हें तेल पापण्यांच्या कडांत ओळीनें बसविलेल्या बारीक ग्रंथींतून झिरपतें. वरच्या पापणींत अशा सुमारें ३० ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० ग्रंथि असतात. हाइन्रिख मायबोम ह्या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. डोळ्यांत तेल घालून जपावें, असें आपण सहज बोलून जातों. निसर्ग तें तेल प्रत्येक उघडझापीला खरोखरच घालीत असतो.

तें घट्ट होऊन ग्रंथींचीं तोंडें बुजलीं म्हणजे तवंग तुटतो, खालचें पाणी भराभर उडून जातें आणि बुबुळ उघडें पडतें. तेथील ज्ञानतंतु लागलीच ओरड करतात, आणि अश्रुपिंड एकदम लोंढा सोडतो. परंतु त्या लोंढ्याला धरून ठेवणारें तेल नसल्यामुळें तो गालावर ओघळून जातो, व डोळा होता तसाच राहतो. मुळांत पाणीच कमी सुटणें हा विकाराचा दुसरा प्रकार. तथापि तेलाचा दोषच अधिक आढळतो, आणि कित्येकांस दोन्ही एकत्र असतात.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला १५ ते २० वेळां पापण्या मिटतो. पुस्तकांत किंवा मोबाइलच्या पडद्यावर दृष्टि खिळली कीं हें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं येतें, आणि ज्या मिटतात त्याहि पुरत्या मिटत नाहींत. त्यांत डोक्यावर गरगरणारा पंखा, वातानुकूलित खोली, विदर्भ-मराठवाड्यांतील कोरडा उन्हाळा यांची भर पडते. सर्दी-पित्तावरच्या कांहीं गोळ्या, उदासीनतेवरचीं कांहीं औषधें, मुरुमांसाठीं देण्यांत येणारें आयसोट्रेटिनॉइन, यांनींहि डोळे कोरडे पडतात.

स्त्रियांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा विकार अधिक दिसतो. आणि येथेंच घरच्या मंडळींकडून अन्याय होतो, असें आमचें मत आहे. डोळा लाल नाहीं, त्यावर फूल नाहीं, तक्त्यावरचीं अक्षरें धडाधड वाचतां येतात. मग 'वाळू गेल्यासारखें रुततें' हें म्हणणें निव्वळ कुरकुर ठरावयास कितीसा वेळ? वस्तुतः ह्या रोगांत तपासणींत दिसणाऱ्या खुणा व रोग्यास होणारा जाच यांचा मेळ बसतोच असें नाहीं. वाचावयास बसल्यावर थोड्याच वेळांत अक्षरें पुसट व्हावीं, आणि पापणी मिटतांच पुनः स्पष्ट व्हावीं, ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. घरांतल्या काकूंनीं रोजची पोथी सोडली, तर त्यांची श्रद्धा उणी झाली कीं डोळ्यांतलें तेल, हें कोणी तरी विचारावयास हवें.

हेन्रिक श्योग्रेन ह्या स्वीडिश नेत्रवैद्यानें १९३३ सालच्या आपल्या प्रबंधांत १९ स्त्रियांची हकीकत दिली आहे. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि त्यांपैकीं १३ जणींस सांधेदुखीहि होती. ह्या दोहोंचा संबंध असूं शकतो, हें त्याच्यामुळें जगाच्या लक्षांत आलें. डोळ्यांबरोबर तोंडालाहि कोरड पडून पोळीचा घास पाण्याच्या घोटावांचून उतरत नसेल, दांत झपाट्यानें किडत असतील, सकाळीं बोटांचे सांधे आखडत असतील, तर नेत्रवैद्यास हें सारें सांगावें व रक्त तपासून घ्यावें. डोळ्यांच्या डॉक्टरला पोळीची गोष्ट काय सांगावयाची, असा संकोच धरूं नये.

उपायांत पहिला मान शेकाचा. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यांत पिळून मिटलेल्या पापण्यांवर पांच ते दहा मिनिटें ठेवावा. तो लौकर निवतो, म्हणून पुनः पुनः गरम करावा. मग वरची पापणी वरून खालीं व खालची खालून वर, अशी बोटानें हलकेंच निपटावी, आणि कडा पुसून घ्याव्या. काजळ लावावयाचेंच असेल तर पापणीच्या आंतल्या कडेला लावूं नये. ग्रंथींचीं तोंडें नेमकीं तेथेंच आहेत. हें चार दिवसांचें काम नव्हे. विकार बहुधा समूळ जात नाहीं, आटोक्यांत राहतो. दांत घासण्यासारखा हाहि नेम नित्याचा आहे.

जोडीला कृत्रिम अश्रूंचे थेंब. त्यांत टिकाऊपणासाठीं घातलेलें बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार गेल्यास डोळ्यास बाधतें. दिवसांतून चारांहून अधिक वेळां थेंब घालावयाचे असल्यास तें नसलेली जात मागावी. मूळ दाह शमविणारें सायक्लोस्पोरिन डॉक्टर देतात, त्याचा गुण यावयास महिने लागतात. तोंवर धीर सोडूं नये.

ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती आतां सांगतों. एकत्र कुटुंबांत डोळ्यांच्या औषधाची एक बाटली फळीवर असते, आणि ती सर्वांची असते. कोणाच्या तरी शस्त्रक्रियेनंतर उरलेली ती बाटली स्टेरॉइडची निघते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून तीच दुकानांतून पुनः आणली जाते, व महिनोन्महिने चालते. ह्या औषधानें कित्येकांच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं; आणि त्यानें गेलेली दृष्टि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. अशी बाटली आजच काढून टाकावी. गुलाबपाणी, मध, एरंडेल हींहि डोळ्यांत घालूं नयेत. तीं जंतुरहित नसतात. सुश्रुतानें वर्णिलेल्या ७६ नेत्ररोगांत शुष्काक्षिपाक आहे, व त्यावर स्निग्ध उपचारहि सांगितले आहेत. पण ते जाणत्या वैद्यानें करावयाचे, स्वयंपाकघरांतील तुपानें नव्हेत.

मत्स्यतेलाच्या गोळ्यांची मध्यंतरीं मोठी वाहवा झाली. अमेरिकेंत ५३५ रोग्यांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ऑलिव्ह तेल घेणारांहून त्यांना अधिक गुण आला नाहीं. आमच्या शाकाहारी वाचकांनीं हळहळण्याचें कारण नाहीं.

डोळा ठणकूं लागला, उजेड सोसेना, किंवा दृष्टि एकाएकीं मंदावली, तर हा कोरडेपणा समजून घरीं न बसतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. आणि घरांत कोणाच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डोळे कोरडे आहेत हें आधीं सांगावें. बसवावयाच्या भिंगाचें माप बुबुळाच्या पृष्ठभागावरून घेतात. तो कोरडा असल्यास माप चुकतें, आणि शस्त्रक्रियेनंतर कांहीं काळ कोरडेपणाहि वाढतो. आठ-पंधरा दिवस थेंब व शेक चालवून मग माप घेतलेलें बरें.