सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आमच्या घराघरांत एक शब्द सगळ्या दुखण्यांवर औषध म्हणून दिला जातो : सब्र. मुलगा नापास झाला, सब्र कर. दहावीनंतर मुलीची शाळा तोडून निकाह ठरवला, सब्र कर. या थोर शब्दाचा अर्थ आम्ही 'तोंड बंद ठेव' एवढाच करून टाकला आहे. आमची तक्रार आहे ती याबद्दल.

आम्ही धाराशिव जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. किशोरावस्था म्हणजे वादळाचा काळ, हे आम्ही पाठ केले, गुण मिळवले आणि वर्गात आल्यावर विसरलो. आमचा एक माजी विद्यार्थी लातूरला क्लास लावूनही 'नीट'मध्ये दुसऱ्यांदा अपयशी ठरला आणि घरी परतला. चार महिने तो कुणाशी धड बोलला नाही. अम्मीने नजर उतरवली. अब्बांनी 'मरद होके रोता क्या?' म्हणून दटावले. आणि आम्ही गुरुजींनी? मेहनत वाढव, असे सांगितले. 'तुला काय होतंय, बाबा?' हे एकोणीस वर्षांच्या त्या पोराला कुणीच विचारले नाही.

धर्माचा आधार घेणाऱ्यांना आम्ही हजरत याकूब यांची आठवण देतो. युसूफच्या विरहात त्यांनी सब्र केला आणि डोळे पांढरे होईपर्यंत शोकही केला. कुरआनात दोन्ही गोष्टी एकाच सूऱ्यात आहेत. मग आमच्या मुलांच्या अश्रूंनाच बंदी का?

दुःख विचारता येते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये राज्याने 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. आशाताईंनी दारोदार जाऊन मनाची विचारपूस करावी, अशी त्याची रचना होती. पुढे 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. उत्तम झाले. पण तो समुपदेशक मुलांची घरातली दखनी समजणारा हवा. नाहीतर खुर्ची भरेल, मन उघडणार नाही. आणि शाळा सोडून गॅरेजवर गेलेल्या, किंवा अठराव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीचे काय? ती तर कुठल्याच हजेरीपटावर नाहीत.

राग, शरम, हार यांना नाव देणे वयाबरोबर आपोआप येत नाही. पाढ्यांसारखे तेही शिकवावे लागते. शाळेने त्यासाठी आठवड्याला एक तास द्यावा. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा. 2022 पासून चालू असलेला 'टेलि-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक मोहल्ल्यात भिंतीवर लिहावा. त्यावर फोन करणारा वेडा नसतो, हेही खाली लिहावे.

मुलांना सब्र शिकवायचा आहे ना? मग त्यांचे पुरते ऐकून घेण्याइतका सब्र आधी आपण शिकला पाहिजे.