कार्ड आईच्या हाती, जबाबदारी कोणाची?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. त्यांच्या कडेवरची लेकरेही जातात, आणि त्या क्षणापासून शासनाच्या लेखी ती जणू नाहीशी होतात.

एप्रिलमध्ये जन्मलेल्या एका बालकाचा हिशेब मांडून पाहू. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी त्याला गावातच मिळाल्या. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस द्यावयाचा. तो दिवस उजाडतो जानेवारीत, उसाच्या फडात! गावच्या यादीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. फडाजवळच्या उपकेंद्राच्या यादीत त्याचे नावच नसते. दोन्ही दप्तरे निर्दोष, बालक मात्र असुरक्षित.

या दोन दप्तरांना जोडणारा दुवा त्या आईच्या गाठोड्यात असतो. तो म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. असा कागद पालकांच्याच हाती असावा, हा विचार नवा नाही. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील इमेसी-इले या गावी वजनवाढीचा तक्ता असलेले कार्ड मातांच्या स्वाधीन केले. निरक्षर बाया कागद हरवतील, ही सुशिक्षितांची भीती तेथे खोटी ठरली. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. २०१० मध्ये आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांनी मिळून एकच कार्ड काढले. मग अडते कोठे?

अडते ते अधिकारापाशी. शासनाने आईला कार्ड दिले, हक्क दिला नाही. दोन खाती, दोन जिल्हे, कधी दोन राज्ये यांच्यात समन्वय राखणे हे यंत्रणेचे कर्तव्य. ते अलगद तिच्या शिरावर ढकलले गेले. तारीख तिने लक्षात ठेवायची, खाड्याचा दंड सोसून केंद्र तिने शोधायचे, आणि मात्रा चुकलीच तर 'पालकांची उदासीनता' हा ठपकाही तिनेच घ्यायचा!

आता सारे 'यू-विन'वर आहे, कोठेही लस घेता येते, असे उत्तर मिळते. संगणकावरील नोंद उपयुक्त आहे, तिला आमचा विरोध नाही. परंतु पडद्यावरची नोंद अधिकाऱ्याला दिसते. हातातले कार्ड दाखवून आई जाब विचारू शकते. एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये.

हा प्रश्न केवळ ऊसतोड कामगारांचा आहे, असेही कोणी समजू नये. २०२२ साली गोवराने बालके दगावली ती मुंबईत, गोवंडीसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत. जेथे निवारा आणि रोजगार अस्थिर, तेथेच लसीकरणाची साखळी तुटते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कार्ड दाखवताच कोणत्याही केंद्राने राहिलेली मात्रा दिलीच पाहिजे आणि तिची नोंद मूळ गावी कळवली पाहिजे. हंगामापूर्वी निघणाऱ्या बालकांची यादी कारखाना परिसरातील आरोग्य केंद्रांकडे गेली पाहिजे. कोप्यांवर लसीकरणाची सत्रे भरविण्यास साह्य करणे ही कारखान्यांच्या गाळप परवान्याची अट असली पाहिजे. आणि २००५ पासून 'स्वयंसेविका' म्हणून राबविल्या जाणाऱ्या आशांना कामगाराचा दर्जा व वेतन मिळाले पाहिजे. तिच्या फुकट श्रमांवर कोणताही समन्वय उभा राहणार नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र शासननिर्णयाची वाट पाहत बसू नये. या हंगामात आपल्या भागातील कोप्यांवर जा. प्रत्येक कार्ड आईसमोर उघडून वाचा, कोणती मात्रा राहिली ते तिला सांगा, आणि दहा आयांना बरोबर घेऊन आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहा. एकटीला 'आमच्या यादीत नाही' असे सांगून परत पाठविता येते. दहाजणींना ते सांगणे कठीण जाईल.