सातव्या पिढीचं काय चुकलं?

प्रति,
मा. श्री. सत्या नाडेला,
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, मायक्रोसॉफ्ट



१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. दहा वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती विंडोज ११साठी आपण केलेल्या प्रोसेसरच्या यादीची.

आम्हा दुरुस्तीवाल्यांकडे इंटेलच्या सातव्या पिढीचे आय-५, आय-७ आजही पुष्कळ येतात. कुणी शाळेच्या लॅबमधले, कुणी डीटीपीवाल्याचे, कुणी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टचे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की यंत्र पळायला लागतं. या यंत्रांना विंडोज ११ नाकारताना आपण सुरक्षेचं कारण सांगता. टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल हवं? आय-७ ७७०० असलेल्या बहुतेक मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये ते आहेच. बायॉसमध्ये जाऊन चालू करायचं, एवढंच. तरी ७७०० नापास. आणि दोन कोअरचा सेलेरॉन एन४०००, क्रोमच्या चार टॅब उघडल्या की धापा टाकणारा, तो मात्र पास!

७८२०एचक्यूची कथा तर आणखी मजेची. तोही सातव्याच पिढीचा. ऑगस्ट २०२१मध्ये आपण त्याला अपवाद म्हणून यादीत घेतलंत. ड्रायव्हरच्या अटी वगैरे होत्या, मान्य. पण आपल्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये नेमका तोच प्रोसेसर असावा, हा योगायोग आमच्या गिऱ्हाइकाला कसा समजावायचा?

पळवाटेनं ११ चढवता येतं, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण उद्या अपडेट मिळेल याची हमी नसलेलं काम करून शाळेच्या नावानं बिल फाडायचं कसं?

बरं, विंडोज १०चे पॅच आपण बनवताच आहात. कंपन्यांना ते ऑक्टोबर २०२८पर्यंत विकत मिळणार आहेत. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर घरगुती ग्राहकांना पहिल्या वर्षाचे पॅच तिथे फुकट देताना बॅकअपची अटही काढलीत. बाकीच्यांनी मात्र तीस डॉलर मोजायचे, रिवॉर्डचे हजार पॉइंट जमवायचे, नाहीतर सेटिंग्ज आपल्या क्लाउडवर पाठवायच्या. पॅच तोच, धोकाही तोच.

२०३०पर्यंत हवेत सोडता त्याहून जास्त कार्बन काढून घेऊ, असं आपण २०२०मध्ये जाहीर केलंत. चालता मदरबोर्ड भंगारात गेला तर तो कुठल्या खात्यात धरता?

टीपीएम २.० असलेल्या सातव्या पिढीच्या यंत्रांना यादीत घ्या. ते जमत नसेल, तर २०२८पर्यंतचे पॅच घरगुती ग्राहकालाही द्या, आणि युरोपाबाहेरच्यालाही.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या धंद्यातला एक माणूस,
मिरज