कुशीत रमणारा सोबती निवडताना

मुलांनी हट्ट धरला की घरात बऱ्याचदा ससा येतो. दिसायला कापसासारखा मऊ, पण बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही. रानात त्याला उचलतो तो शिकारीच! घाबरून त्याने मागचे पाय जोरात झाडले, तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. ससा आणलाच असेल, तर मुलांना जमिनीवर बसवा आणि त्याला आपणहून जवळ येऊ द्या.

मांडीवर बसणारं कुणी हवं असेल, तर वर्ष-दोन वर्षांची माणसाळलेली देशी मांजर दत्तक घ्या. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा होईल, सांगता येत नाही. मोठ्या मांजरीचा समोर दिसतो. घरी आणण्यापूर्वी दोन-तीनदा भेटा. शांत बसून हात पुढे करा. ती अंग घासत आली, उचलल्यावर सैल राहिली, तर जोडी जमली समजा. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, तर लगेच खाली ठेवा. रेबीजची लस आणि नसबंदी झाली आहे का, तेही विचारून घ्या.

मुलांना एक नियम आधीच सांगा : तिला जायचं असेल, तेव्हा मिठी सोडायची. धरून ठेवलं, तर ती पुन्हा जवळ येणार नाही.