शाळा रिकाम्या नसतात

युद्ध पेटले आणि माणसांना घरदार सोडावे लागले, तर त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवावे, असे एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नुकतेच ठणकावले. शाळा गावोगाव आहेत, छप्पर आहे, भाडे नाही आणि प्रश्न चार दिवसांचा आहे. झाले यांचे नियोजन!

चार दिवस? मणिपुरात 3 मे 2023 रोजी हिंसाचार उसळला. साठ हजारांच्या आसपास माणसे बेघर झाली, शाळा-महाविद्यालयांत राहिली आणि दोन वर्षांनंतरही हजारो जण छावण्यांतच होते. लांब कशाला जायचे? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत निर्वासित उतरले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिथे उल्हासनगर वसले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित काही वर्षे राहिले. ते गेल्यावर सिंधी कुटुंबे आली आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले. बराकींभोवती मोकळी जमीन होती, कल्याणला तर रेल्वेही होती, म्हणून तिथे गावे उभी राहिली. चार खोल्यांच्या शाळेत काय उभे राहणार? गावातली मुले घरी बसणार आणि आलेली मुले तर शाळेत राहूनही शाळेला मुकणार. 'तात्पुरते' म्हणून वेळ मारून नेण्याची ही खोड आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. पाथर्डी-जामखेडकडचा टँकरही तात्पुरताच असतो, आणि पाऊस रुसला की पुन्हा दारात उभा राहतो. तिथल्या शाळेत आणखी दोनशे माणसे नेली, तर ती पिणार काय?

शाळेत रात्री मैदान ओलांडून सामाईक संडास गाठावा लागतो; अशी जागा बायाबापड्यांसाठी पहिल्या पसंतीची असूच शकत नाही. आणि नगर शहरात तर लष्कराचा तळ आहे. युद्धकाळात तळाला खेटून निर्वासित ठेवणे हा शुद्ध अविचार आहे.

जागा ठरवताना आधी पाणी पाहावे, मग कडी लागणारे दार, मग दवाखाना आणि एसटी. शिर्डीची भक्तनिवासे आणि साखर कारखान्यांच्या वसाहतींतल्या रिकाम्या खोल्या पहिल्या यादीत हव्यात. मुक्काम लांबला तर श्रीरामपूरसारख्या, रेल्वे, कालवा आणि हाताला काम असलेल्या ठिकाणाजवळ मोकळी जमीन राखून ठेवावी.

ही यादी जिल्हा प्रशासनाने आज, शांततेच्या काळातच, तालुकावार करावी आणि शाळांची नावे तिच्या तळाशी लिहावीत.